नव्वदाव्या दिवसाचा संशय

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र जसंच्या तसं समोर उभं राहतं आणि मला स्वस्थ बसू देत नाही. तेव्हा मी छत्रपती संभाजीनगरातल्या एका पोलीस ठाण्याचा निरीक्षक होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

गुन्हा खुनाच्या प्रयत्नाचा होता. पुंडलिकनगरात गाडी लावण्यावरून भांडण झालं आणि शेजाऱ्याने एका वेल्डरच्या डोक्यात लोखंडी रॉड घातला. माणूस जगला, पण त्याची वाचा गेली. आरोपी दुसऱ्याच दिवशी आमच्या ताब्यात आला. मात्र अशा गुन्ह्यात नव्वद दिवसांत दोषारोपपत्र न्यायालयात गेलं नाही, तर आरोपीला जामीन द्यावाच लागतो. मग पुरावा कितीही भक्कम असो.

वेल्डरची बायको एक दिवसाआड ठाण्यात यायची. बाकावर बसायची, काही मागायची नाही. एकदाच म्हणाली, "साहेब, तो सुटला तर आमच्या दारासमोरच राहायला येणार हाय. ह्यांना तर आता वरडताबी येत नाय."

तपास वेळेत संपला होता. काम अडलं ते संगणकावर. जबाब, पंचनामे, दवाखान्याचे कागद स्कॅन करून भरायचे आणि मग दोषारोपपत्राची प्रत काढायची. हे काम आमच्याकडे एकच महिला अंमलदार करायची. तीन दिवस झाले तरी निम्मे कागदही चढले नव्हते. कधीही डोकावलं तर ती हात बांधून पडद्याकडे बघत बसलेली. सगळं पेन ड्राइव्हवर घेऊन शेजारच्या ठाण्यात नेऊ म्हटलं, तर तेही मध्येच अडकायचं. मी दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठत होतो आणि पुन्हा बसत होतो.

एकोणनव्वदाव्या दिवशी दुपारी एका जुन्या खबऱ्याचा फोन आला. आरोपीचा मेहुणा आणि आमची संगणकावरची बाई उस्मानपुऱ्यात चहाच्या टपरीवर बोलत उभे होते, हे त्याने स्वतः पाहिलं होतं. मी लगेच तिचं सेवापुस्तक मागवलं. तिचं माहेर आणि आरोपीचं आजोळ एकाच गावातलं निघालं. धागा जुळला, असं मला वाटलं.

नव्वदाव्या दिवशी सकाळी साडेनऊला तिला दालनात बोलावलं. एरवी मी तिला ताई म्हणायचो; त्या दिवशी आडनावाने हाक मारली आणि बसायला सांगितलं नाही. माझी पद्धत अशी, की एक प्रश्न विचारायचा आणि गप्प राहायचं. ज्याच्या मनात पाप असतं त्याला ती शांतता सोसत नाही, तो बोलत सुटतो. ती विचारलं तेवढंच बोलली.

मेहुण्याला ओळखता का, असं विचारलं. व्हय म्हणाली, गावचा आहे. काम दोन दिवस लांबवा, असं सांगायला आला होता. तिने त्याला तिथूनच परतवून लावलं होतं. हे मला का सांगितलं नाही, असं मी दरडावून विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही मला या कामावरून उठवलं असतं," ती म्हणाली. "मग हे कुणी केलं असतं, साहेब?"

मग तीन दिवस नुसतं बसून का राहिलात, असं मी विचारलं. तेव्हा पहिल्यांदा तिने वर पाहिलं.

"मशीन चालत नाय. महिन्याभरात चार डाव लिहून दिलंय. तुमच्याच डाकेत असंल."

मी तिच्यासमोरच डाकेची फाइल उघडली. चारही अर्ज होते. संगणकाच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची मुदत संपल्याची सूचना येते, संगणक अत्यंत संथ चालतो, तातडीने दुरुस्ती व्हावी. प्रत्येकावर 'पाहिले' असा शेरा आणि खाली माझी सही.

बिनतारी संदेश विभागातल्या एका जुन्या हवालदाराला मी फोन लावला. छावणीत राहणारा, यंत्रांचा जाणता माणूस. येऊन त्याने पाचच मिनिटांत दुखणं सांगितलं. "साहेब, हा सुरक्षेचा जुना प्रोग्राम मुदत संपून बी आत बसलाय. नवीन माहिती त्याला मिळत नाय, तरी दर कागद अडवून तपासतो. वरून कुणीतरी दुसरा बी टाकला. दोघं झगडतेत, मशीन बिचारी क्या करेगी?"

जुना काढायला आयुक्तालयातून पासवर्ड लागला. तो मिळेपर्यंत एक तास गेला. काढताना संगणक दोनदा बंद पडला. मी त्याच्या पाठीमागे येरझाऱ्या घालत होतो. शेवटी त्यानेच मला बाहेर थांबायला सांगितलं. दीड वाजता जुना निघाला, दुसरा अद्ययावत झाला. तिने पहिला कागद उघडला आणि तो क्षणात पडद्यावर आला. त्यानंतर ती पाणी प्यायलाही उठली नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी दोषारोपपत्र न्यायालयात दाखल झालं. आरोपीचा वकील जामिनाचा अर्ज हातात घेऊन बाहेरच्या बाकावर बसला होता. तो अर्ज त्याने तसाच परत नेला. पुढे आरोपीला शिक्षाही झाली.

संशय घेणं हा आमच्या कामाचा भाग आहे, त्याची मला लाज नाही. पण तिचं माहेर मी एका दुपारीत शोधून काढलं आणि तिचे चार अर्ज महिनाभर वाचले नाहीत, हे मला अजून बोचतं. त्या दिवसानंतर मी न वाचता एकाही कागदावर सही केली नाही. हाताखालचा माणूस कमी का पडला हे विचारण्याआधी त्याने काय मागितलं होतं आणि मी काय दिलं, हे तपासायला शिकलो.

दोन महिन्यांनी तिने बदली मागून घेतली. निघताना ती सलाम करायला आली. मी तिच्या कामाची नोंद बक्षिसासाठी पाठवल्याचं सांगितलं आणि म्हणालो, "तेव्हा जरा गैरसमज झाला होता." ती "व्हय साहेब" म्हणाली आणि गेली.

तो गैरसमज नव्हता, माझी चूक होती. तेव्हा माफी मागायला जीभ वळली नाही, म्हणून आज इथं मागतो. नाव लिहीत नाही. वाचलं तर त्या ताईंना कळेल.