आईने निवडलेले कांदे

मी कांद्यावर पीएच.डी. केली, असं सांगितलं की लोक आधी हसतात. पूर्वी मीही त्यांच्याबरोबर हसायचे. आता हसत नाही. त्यांचं हसून होईपर्यंत थांबते आणि विचारते, तुमच्या घरात ऑगस्टमध्ये कांदा कुठून येतो? कुणाला सांगता येत नाही.

तो चाळीतून येतो. एप्रिलमध्ये निघालेला उन्हाळ कांदा पुढचे पाच-सहा महिने चाळीत राहतो. चाळ म्हणजे जमिनीपासून हातभर उंच, बाजूंना बांबूच्या पट्ट्या आणि वर पत्रा असलेली, वारा खेळणारी लांबलचक खोली. चांदवडजवळच्या आमच्या खेड्यात, माझ्या माहेरी, घरापेक्षा चाळ मोठी होती. पाहुणा आला की वडील त्याला चहाआधी चाळ दाखवायचे. आणि चाळीचा मुख्य शत्रू म्हणजे सड. एक कांदा आतून सडला की त्याला पाणी सुटतं, ते शेजारच्याला लागतं आणि बघता बघता टोपलीभर माल उकिरड्यावर जातो.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी नाशिकच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होते, म्हणजे दर जूनमध्ये नव्याने अर्ज करायचा आणि पुन्हा घेतील का याची वाट बघायची. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी. माझे मार्गदर्शक, त्यांना मी इथे नुसतं सर म्हणते, तेव्हा एका नव्या पदार्थाने अगदी भारावून गेले होते. कोळंबीच्या टरफलांपासून काढलेली पांढरी पूड. सौम्य आम्लात ती विरघळते. त्या द्रावणात फळ बुडवून वाळवलं की त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारा पातळ पापुद्रा बसतो, आतलं पाणी कमी उडतं, बुरशीही लवकर वाढत नाही. जगभर तेव्हा या पुडीवर काम सुरू होतं. कुणी तिच्यापासून जखमेवरच्या पट्ट्या करत होतं, कुणी घाण पाणी स्वच्छ करून बघत होतं. कचऱ्यात फेकलेल्या टरफलातून असलं काही निघतं, याचं मलाही अप्रूप वाटलं होतं. अजूनही वाटतं. माझं भांडण त्या पुडीशी कधीच नव्हतं.

सरांचं म्हणणं, लेप दिलेला कांदा चाळीत कमी सडेल. मी ते सिद्ध करायचं. त्यासाठी बारा क्रेट घेतले, प्रत्येकात मोजून शंभर कांदे. सहा क्रेट लेपाचे, सहा बिनलेपाचे. ठेवायचे खऱ्या चाळीत, आणि खरी चाळ तर माझ्या घरचीच होती. दर महिन्याला रविवारी मी एसटीने जायचे, प्रत्येक क्रेटमधले सडके कांदे मोजायचे, वजन करायचे, वहीत लिहायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचे. आईला एवढंच सांगितलं होतं, की माझ्या क्रेटमध्ये शंभरच कांदे राहिले पाहिजेत, एकही इकडचा तिकडे होता कामा नये.

ऑगस्टपर्यंतचे आकडे घेऊन मी सरांसमोर बसले. लेपाच्या क्रेटमध्ये चांगली भरपूर सड. बिनलेपाच्या क्रेटमध्ये जवळपास काहीच नाही. सरांनी वही पुढून मागून चाळली आणि निवांतपणे म्हणाले, "चिठ्ठ्या बदलल्या गेल्यात."

"नाही सर, चिठ्ठ्या मी स्वतः बांधल्यात."

"अगं, गावाकडचं काम आहे. कुणीतरी क्रेट हलवले असतील. तू फक्त दोन्ही रकान्यांची नावं बदल. आकडे तेच राहतील, आपण काही खोटं लिहीत नाही."

मी म्हणाले, आधी बघून येते. ते म्हणाले, बघण्यासारखं काय आहे? लेप काम करतो, हे सगळ्या जगाला माहीत आहे. मी वही उचलली आणि दुसऱ्या दिवशी, रविवार नसताना, न कळवता घरी गेले.

आई चाळीत माझ्या क्रेटपाशी फतकल मारून बसली होती. बिनलेपाचा एक क्रेट तिने पुढे ओढला होता. एकेक कांदा हातात घेऊन अंगठ्याने त्याची मान दाबत होती आणि मध्येच एखादा बाजूला टाकत होती. बाजूला टाकलेले सात झाले तेव्हा उठली, मोठ्या ढिगातून सात चांगले कांदे आणले आणि क्रेटमध्ये नीट लावले.

"आई, काय करतेस?"

"निवडते. दर आठ दिसांनी निवडते." तिच्या आवाजात अभिमान होता. "तू येती तवा तुला सडका कांदा दिसाया नको. लेकीचं शिक्षणाचं काम हाय."

"पण तू त्यात दुसरे कांदे घातलेस!"

"मग? तूच म्हणली व्हती ना, शंभर पायजेत म्हणून."

मग मी लेपाच्या क्रेटकडे बोट दाखवलं. ते का नाही निवडले?

"त्यास्नी कोळंबी लावलीय," ती म्हणाली. तिच्या गळ्यात माळ होती. मासळीला ती शिवत नसे आणि मासळीच्या टरफलाच्या पुडीलाही शिवणार नव्हती. "तेवढं माझ्याच्यानं व्हायचं नाय. लय सडलेत बग ते. तुज्या सरांना सांग, चांगलं नाय ते औषध."

मी चाळीच्या पायरीवर बसले आणि रडले. एक अख्खं वर्ष गेलं होतं. उन्हाळ कांदा वर्षातून एकदाच निघतो, पुन्हा प्रयोग म्हणजे पुढचा एप्रिल. आईला वाटलं मला कॉलेजात कुणी बोललं. तिने मला पाणी आणून दिलं आणि उरलेला क्रेट निवडायला घेतला.

सरांना मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते चिडतील. ते उलट खूश झाले. "म्हणजे लेपाचा दोष नव्हताच! मग बदल की नावं. तसंही खरं तेच असणार."

"असणार म्हणजे काय सर? माझ्याकडे काहीच नाही. सहा क्रेट आईने धुवून पुसून ठेवलेत. या वर्षाचं एकही पान मी वापरणार नाही."

"मग मुदतीत प्रबंध होणार नाही. जूनमध्ये तुझ्या जागी दुसरं कुणी असेल."

"असू दे," मी म्हणाले. मागे वळून न बघता बाहेर पडले.

नाशिक रोडच्या खोलीवर परतताना बसमध्ये एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. गावाहून येताना आईने बाजूला टाकलेले सात कांदे मी पिशवीतून आणले होते. वरून ते धडधाकट दिसत होते. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत ते उभे चिरले. सहांच्या मानेतून आत काळपट तपकिरी सड उतरली होती, सातवा चांगला निघाला. माझ्या डोळ्यांना वरून एकही ओळखता आला नसता, आणि मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होते.

पुढच्या एप्रिलमध्ये मी तीन गट केले. एक लेपाचा, एक बिनलेपाचा आणि तिसरा बिनलेपाचाच, पण दर आठ दिवसांनी आईने निवडायचा. पहिल्या दोन गटांच्या क्रेटवर जाळी शिवून टाकली. तिसऱ्यात रिकाम्या जागी काही भरायचं नाही, असं तिला तीनदा बजावलं. तिने काढलेला प्रत्येक कांदा मी चिरून बघायचे. सडका निघाला तरी वाया आणि चांगला निघाला तरी वायाच, असं धरून सगळे नुकसानीत मोजायचे. हिच्या हाताची काही जादू आहे का ते बघावं म्हणून गावातल्या आणखी चार बायकांना एकेक करून त्याच क्रेटवर बसवलं. त्यांचे अंगठेही जवळपास तेच कांदे काढत होते.

लेपाने सड कमी झाली, हे खरं. मी तसं ठळक लिहिलं. पण निवडलेल्या गटात ती त्याहून कमी झाली. मान मऊ पडलेला कांदा पाणी सुटायच्या आत निघून गेल्यामुळे शेजारचे वाचले होते.

सरांनी ते प्रकरण वाचलं आणि फाइल माझ्याकडे सरकवली. "हे काढ. बाकीचं उद्या सही करून देतो."

"का सर?"

"आईचा अंगठा हे उपकरण नाही. हे शास्त्रात बसत नाही."

त्याच सुमारास मी एका नियतकालिकात वाचलं होतं, की परदेशात साठवलेल्या कांद्यातली सड वासावरून ओळखणारं यंत्र बनवायचा प्रयत्न चालू आहे. मी तो लेख त्यांच्या टेबलावर ठेवला. "सर, हे शास्त्रात बसतं का?" ते म्हणाले, अर्थात. "मग यंत्राला जमेल तेव्हा ते संशोधन, आणि माझ्या आईला आत्ता जमतंय ते काय?" मी फारच मोठ्याने बोलले. बाहेरचा शिपाई दारात येऊन उभा राहिला.

त्यांनी सही केली नाही. मीही प्रकरण काढलं नाही. सर म्हणाले होते तसं कॉलेजनेही मला त्या जूनमध्ये घेतलं नव्हतं. मग मी बारावीच्या शिकवण्या घेतल्या आणि दर सोमवारी अकरा वाजता सरांच्या केबिनबाहेरच्या बाकावर फाइल घेऊन बसायला लागले. ते यायचे, बघायचे, आत जायचे. मी दोन तास बसायचे आणि उठायचे. लोक वळसा घालून जायला लागले. एक प्राध्यापक मला म्हणाले, "कशाला हट्ट करता? एकच तर प्रकरण आहे." मी म्हणाले, "म्हणूनच." असे माझे जवळपास दोन वर्षांचे सोमवार गेले. एका सोमवारी त्यांनी फाइल माझ्या मांडीवरून उचलली, बाकाच्या हातावर ठेवूनच सही केली आणि म्हणाले, "घे. परीक्षकच फाडून खातील तुला."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. त्यांनी लेपाबद्दल दोनच प्रश्न विचारले. मग म्हणाले, "तीन गट का? लेप दिलेला आणि निवडलेलाही, असा चौथा गट का नाही? उत्तम निकाल तोच आला असता."

"सर, निवडणाऱ्या पाचही बायका माळकरी आहेत. कोळंबीच्या लेपाला त्यांनी हात लावला नसता."

माझे सर कपाळाला हात लावून बसले. परीक्षकांनी चष्मा काढला. "हे प्रबंधात लिहिलंयत?"

"लिहिलंय. मर्यादांच्या पानावर."

ते पान त्यांनी शोधून वाचलं. पदवी मिळाली.

प्रबंधाची बांधलेली प्रत घेऊन मी घरी गेले, तोवर नवं शतक लागून बरेच दिवस झाले होते. आईने हात पदराला पुसून ती मांडीवर घेतली. इंग्रजी होती, म्हणून मी वाचून मराठीत सांगत होते. तिच्या अंगठ्याचं अख्खं प्रकरण तिने शांतपणे ऐकलं. कुठेकुठे मान हलवली, एका ठिकाणी माझी चूकही काढली. मग म्हणाली, पयल्यापासून वाच. पहिल्या वर्षाच्या पानावर मी आले आणि तोंडातून निघून गेलं: "अप्रशिक्षित मदतनिसाच्या चुकीमुळे पहिल्या वर्षाच्या नोंदी रद्द कराव्या लागल्या."

"मदतनीस म्हंजी कोन? मी?"

तिने त्या पानावर बोट ठेवलं.

"माजी चूक व्हती ती?"

प्रबंधात असंच लिहितात, असं मी सांगायला लागले. तिने मला पुरं बोलू दिलं नाही. "तुला सडकंच मोजायचंय, हे तू सांगितलं व्हतं का मला? शंभर ठेव म्हणली, मी शंभर ठेवले."

ती चिडली नव्हती, नुसतं विचारत होती. त्यामुळे मला जास्त लाज वाटली. हे वाक्य सरांनी घालायला लावलं नव्हतं. ते माझं होतं. दोन वर्षं मी ज्या माणसाशी भांडत होते त्याच्याच आवाजात मी ते लिहिलं होतं, आणि इतक्या सोमवारी ती फाइल मांडीवर असून मला ते खटकलं नव्हतं.

घरच्या प्रतीत मी तिच्यासमोरच ते खोडलं. सोमवारी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले, माझा प्रबंध मागवला आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसून पेन काढलं. ग्रंथालयाच्या प्रतीत लिहिणं हा अपराध आहे, तशी पाटी समोरच होती. 'अप्रशिक्षित मदतनिसाच्या' या शब्दांवर मी आडवी रेघ मारली, वर शाईने 'संशोधकाच्या' लिहिलं, शेजारी सही केली आणि ग्रंथपाल माझ्याकडे येत होता तिकडे पान उघडंच धरलं.