मामांची रेघ

अख्ख्या कोल्हापुरात सरळ म्हणावी अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे आमच्या थोरल्या मामांनी फुटबॉलच्या मैदानावर मारलेली फक्कीची रेघ. बाकी आमचे रस्ते, गल्ल्या, पुढारी आणि मी, सगळे थोडेफार वाकडेच. मामांची पेठेत पिठाची गिरणी. दिवसभर पिठानं पांढरे आणि मॅचच्या दिवशी सकाळी चुन्याच्या फक्कीनं पांढरे, त्यामुळे माणूस मुळात कुठल्या रंगाचा आहे हे मामीलासुद्धा लग्नानंतर बरंच उशिरा कळलं असावं. तळाला भोकं पाडलेला तेलाचा डबा, दोन खुंट्या आणि सुतळीचा गुंडा एवढ्या भांडवलावर त्यांनी चाळीसेक वर्षं ते मैदान आखलं. कुणी नेमलं नव्हतं. आधीचा माणूस एकदा आजारी पडला म्हणून मामा गेले, ते मग जातच राहिले.

मैदान गावाच्या मध्यावर आहे आणि हंगामात गावाचा जीव तिथंच असतो. आमच्याकडं संघ तालमींचे आणि तालमी पेठांच्या, त्यामुळे चार वाजता मॅच असली की दोन्ही पेठांतली दुकानं तीनलाच अर्धं शटर ओढतात. गॅलरीत कुठली पायरी कुठल्या पेठेची हे कुठंही लिहिलेलं नाही, पण चुकून भलतीकडं बसलेल्या माणसाला "पावणं, तुमची मंडळी पल्ल्याड हाईत" असं पाच मिनिटांत सांगण्यात येतं. सोयरिकी तिथं जुळतात, मोडतात, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचं पोरगं पुण्याहून परत आलं, सगळं तिथंच कळतं. मामांना यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. ते कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी उकिडवे बसून फक्त रेघ बघायचे. मॅच कशी झाली विचारलं तर म्हणायचे, "उत्तरंची रेघ शेवटपतूर टिकली. दक्षिणंची पोरांनी पार तुडीवली."

पडलेली रेघ ओलांडायची नाही, हा त्यांचा धर्म. एकदा एक पुढारी उद्घाटनाला आले आणि खेळाडूंशी हात मिळवायला थेट मैदानात निघाले. मामांनी डबा आडवा धरला. "सायेब, कोपऱ्यावरनं या. रेघ अजून बसली न्हाय." पुढारी, त्यांचे हार आणि हार सांभाळणारी पंधरा माणसं अशी वरात मैदानाला वळसा घालून आली. मामेबहिणीच्या लग्नात पंगत वाकडी बसली म्हणून यांनी मांडवात सुतळी ताणली आणि पत्रावळ्या पुन्हा मांडायला लावल्या. आमटी निवली. "वऱ्हाडी उपाशी आणि ह्यांची सुतळी," असं मामी आजही म्हणते, आणि तिचं चूक आहे असं म्हणायची आमची छाती नाही. तरी मामा पेठेचे नव्हते असं कुणी समजू नये. आमची तालीम हरली की दुसऱ्या दिवशी सगळ्या पेठेला दळण जाडं यायचं.

आता माझं सांगतो. मी त्या तालमीचा राखीव खेळाडू होतो. राखीव म्हणजे अगदी बँकेत ठेवल्यासारखा, काढायची वेळच येत नसे. पण एका वर्षी अंतिम सामन्यात दोघं लंगडले आणि शेवटच्या दहा मिनिटांसाठी मला आत ढकललं. आम्ही एका गोलनं मागं. कॉर्नरवरून आलेला बॉल माझ्या गुडघ्याला लागला, मी मारला असं म्हणणं लबाडीचं होईल, आणि गोलच्या तोंडाशी गेला. गोलकीपरनं रेघेवर अंग टाकलं, त्याच्यावर आणखी सहाजण पडले. आमची गॅलरी म्हणते गोल, पल्याडची म्हणते नाही. पंचाला पाठी दिसल्या, बॉल दिसला नाही. शेवटी दोन्ही कॅप्टन म्हणाले, रेघ ज्याची त्याला विचारा. दोन पेठांचं एकमत झाल्याचं मी तेवढंच पाहिलं.

मामा आले. कोपऱ्यावरून, वळसा घालून आले. रेघेपाशी वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि उठून म्हणाले, "न्हाय. रेघंवर हाय. आत न्हाय."

आम्ही हरलो. पेठेनं कित्येक महिने दळण दुसऱ्या गिरणीत टाकलं. मी त्यांच्याशी बोलणंच सोडलं. तेवीस वर्षांच्या पोराला आयुष्यात एक गोल मिळत होता आणि तो सख्ख्या मामानं नाकारला, हे मला काही केल्या गिळेना. मामा दर भाऊबीजेला आमच्याकडं यायचे आणि मी नेमका तेव्हा बाहेर पडायचो. मग कधीतरी त्यांचे गुडघे गेले. आई म्हणाली, "जा, सुतळी धर त्यांची. बोलू नकोस पायजे तर." मी गेलो आणि खरंच बोललो नाही. मामा एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, असे कितीतरी हंगाम गेले.

गेल्या हंगामात एका सकाळी ते पालथ्या बादलीवर बसले होते, मी गोलची रेघ आखायला सुतळी ताणत होतो. डबा माझ्याकडं सरकवत म्हणाले, "हितनं फुडं तूच मारायची. म्हणून सांगून टाकतो. त्या दिवशी तिथं काय बी दिसत नव्हतं. गोलकीपर लोळला व्हता, समदी फक्की फासटून गेलती."

इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला. "मग न्हाय का म्हणालासा?"

"दुसऱ्या कुणाचं पोरगं असतं तर व्हय म्हणालो असतो. तू बहिणीचा. भाच्याला गोल दिला म्हटल्यावर परत माझी रेघ कुणी मानली असती?"

"म्हंजे आत गेला असंल?"

मामांनी गोलकडं बघितलं. "असंल की."

मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण मी हसत सुटलो आणि मग डोळे पुसायची पाळी आली. मामांनी खरं सांगितलं म्हणून मी इतकी वर्षं अबोला धरला होता, आणि ते खरं नव्हतंच हे कळल्यावर तो सुटला. आता मॅचच्या दिवशी सकाळी मी रेघा मारतो आणि ते बादलीवर बसून वाकडी झाली म्हणून शिव्या घालतात. मी उलट बोलतो. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्यानं बोलतो. माझ्या गप्प बसण्यात त्यांचे चांगले कान फुकट गेले.