देवरामभाऊ आणि एक नवा ग्लास

फोन आला तेव्हा माझ्या हातात एक ग्लास होता. तुमसरच्या भंगारवाल्याकडून आदल्याच दिवशी आणलेला, उंच दांडीचा, साहेबी. पलीकडून देवरामभाऊंची मुलगी म्हणाली, "मास्तरकाका, बाबा गेले जी..." मी तसाच खाली बसलो. पहिला विचार आला तो हा, की आता हा ग्लास खरा की खोटा, कुणाला दाखवायचा? त्याच्या मागोमाग दुसरा आला. तो लिहायला लाज वाटते, पण दीड महिना झाला, लिहूनच टाकतो. वाटलं, चला, आता जिल्ह्यात जुना ग्लास ओळखणारा मीच उरलो.

देवरामभाऊ कारध्याचे. रोज वैनगंगेचा पूल ओलांडून सायकलने भंडाऱ्यात यायचे आणि पितळी भांड्यांना पॉलिश करायचे. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणींवर एकेकाळी गोरे साहेब राहत. साहेब गेले, बंगले ओस पडले आणि त्यांच्या कपाटांतले दारूचे ग्लास या हातातून त्या हातात फिरत भंगारात आले. तिथेच आमची ओळख झाली. एकाच ग्लासाला दोघांनी हात घातला होता, आणि तो त्यांनी मला दिला. गंमत अशी की आम्ही दोघांनीही थेंबाला कधी शिवलं नाही. ते पंचशील पाळणारे, मी पथ्यावरचा. मला ते बिनसाखरेचं लिंबूपाणी पाजत.

ग्लासांवरची पुस्तकं मी मागवली, नागपूरहून भिंग आणलं. त्यांच्याजवळ फक्त उजव्या हाताचा अंगठा होता. "काच नजरेनं नाही वाचाची मास्तर, अंगठ्यानं वाचाची," असं म्हणत ते ग्लास उलटा करत. हाताने फुंकलेल्या ग्लासाच्या बैठकीखाली सळई तोडल्याची खरखरीत खूण राहते, तिला ते बेंबी म्हणत. दांडीवरच्या बारीक वळ्या, वाटीहून रुंद बैठक, टिचकी मारल्यावर रेंगाळणारा आवाज, हे सगळं मलाही पाठ होतं. पण त्यांचा खरा भरवसा बैठकीच्या काठावरच्या ओरखड्यांवर. "शंभर हातांनी टेबलावर ठेवला असन, त शंभर दिशांनी खरचटला असन." मी भिंगातून पाच मिनिटं पाहून जे सांगायचो, ते हा माणूस चहाचा कप खाली न ठेवता सांगायचा. मला ते सहन होत नव्हतं. साफ सांगतो, पोटात दुखायचं.

एकदा नागपूरचे एक पाहुणे माझे ग्लास बघायला आले. सहा ग्लास मी मखमलीवर मांडले होते, माहिती पाठ करून ठेवली होती. देवरामभाऊ कोपऱ्यात बसले होते. पाहुण्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले, "चार बेस आहेत." बेस म्हणजे चांगले, अस्सल. बस्, एवढंच. उरलेले दोन कोणते, हे त्यांनी पाहुण्यांसमोर सांगितलं नाही. म्हणून तर ते जास्त झोंबलं. त्यानंतर आमच्या घरातही नवा ग्लास आला की बायको म्हणायची, "आधी देवरामभाऊले दाखवा."

मग मी ठरवलं, या माणसाला एकदा तरी तोंडघशी पाडायचं. नागपूरच्या दुकानातून हाताने फुंकलेला, अगदी बेंबीवाला, पण कोरा करकरीत नवा ग्लास शोधून आणला. चहाच्या पाण्यात भिजवला. मग घासकागद बोटावर गुंडाळून तीन दिवस बैठक घासली... सगळ्या दिशांनी, त्यांच्याच शिकवणीप्रमाणे. घेऊन गेलो कारध्याला.

त्यांनी उलटा केला. अंगठा फिरवला. अंगठा मध्येच थांबला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कोठी भेटला जी?"

"एकोडीला. एका जुन्या घरात."

"बेस आहे," ते म्हणाले. "हा मी ठेवतो."

तिथल्या तिथे सांगून टाकायचा बेत होता, पण मी गप्प राहिलो. सांगितलं तर आनंद एक दिवसाचा. तो खोटा ग्लास त्यांच्या कपाटात खऱ्यांच्या रांगेत मिरवतोय, या विचारावर मी आठ वर्षं काढली. त्यांनी माझी चूक दाखवली की मी मनात म्हणायचो, दाखवा, दाखवा. पूल ओलांडून घरी येईपर्यंत माझा राग गेलेला असायचा.

गेल्या आठवड्यात देवरामभाऊंच्या बायकोनं, सुमनवहिनींनी बोलावलं. मुलीला काही ग्लास न्यायचे होते. "जुने कोणते, नवे कोणते, आता तुमीच सांगा," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं ज्या मानासाठी जळलो, तो असा समोर आला. मी कपाट उघडलं. एकेक ग्लास उलटा करत गेलो. सगळे खरे. माझा ग्लास त्यांत नव्हता. दोनदा पाहिलं. शेवटी विचारलं, "वहिनी, मी एक दिला होता... एकोडीचा?"

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि माठाजवळचा ग्लास घेऊन आल्या. "हा? याच्यातच त रोज पाणी पेत होते. दवाईबी याच्यातच. त्यायनं त्याच दिवशी सांगतलं मले, हा नवा आहे म्हणे. मास्तरनं घासला आहे. मधातबी घासला, जेथी टेबल लागतच नाही."

मी ग्लास उलटा केला. बैठक मधोमध खोलगट असते, टेबलाला फक्त तिचा काठ टेकतो. पोरांना जन्मभर सांगत आलो, रंगवताना पांढरी जागा सोडू नका. मीही सोडली नव्हती. खळगाच्या खळगा, बेंबीच्या कडेपर्यंत, नीटनेटका घासून ठेवला होता.

"मंग मले बोलले काहून नाही?" माझ्या तोंडून निघालं.

"म्या बी तेच म्हटलं. त म्हणे, मास्तरनं माह्यासाठी बसून एवढी मेहनत केली. आपल्यासाठी कोण करते?"

वहिनींनी कपाटाकडे हात केला. "तुमाले कोणता पायजे तो घेऊन जा. त्यायची आठवन."

त्या कपाटातल्या एकेका ग्लासावर माझा वर्षानुवर्षं डोळा होता. मी हातातला पुढे केला. "हा देता?"

"हा नाही देत जी," असं म्हणून त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, विसळला आणि माठाजवळ पालथा घातला.

तेव्हापासून दोनदा कारध्याला जाऊन आलो. दोन्ही वेळा तहान नसताना पाणी मागितलं. वहिनींनी स्टीलच्या ग्लासात दिलं.