मोसंबीच्या पानाचा फोटो

माझा भाऊ पुण्याला कंपनीत होता. त्याने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना मला दिला. दिवाळीला माहेरी गेले होते, निघताना त्याने तो माझ्या पिशवीत ठेवला आणि म्हणाला, "ताई, यात रोल लागत नाही. कितीही काढ, नको ते पुसून टाक." एवढं सांगून तो मोकळा झाला. बाकीचं मला भोकरदनजवळच्या आमच्या गावात येऊन स्वतःच शोधायचं होतं.

घरात आम्ही दोघं, आमची लहान मुलगी आणि सासरे. मिस्टर भोकरदनच्या शाळेत शिक्षक. त्यांनी कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला आणि "मोडू नको म्हणजे झालं" म्हणून परत दिला. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. पण म्हणायचे तेवढंच. "मामा, चहा ठेवलाय," "मामा, पान वाढलंय," यापलीकडे आमचं बोलणं कधी गेलं नव्हतं. ते रागीट होते असं नाही. सुनेशी काय बोलायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि सासऱ्यांशी काय बोलायचं हे मला.

पहिली अडचण सेलची आली. गावातल्या दुकानातून पेन्सिल सेल आणून घातले. कॅमेऱ्याचं नाक बाहेर आलं, मागच्या पडद्यावर आमचं अंगण दिसलं, मी बटण दाबलं, आणि नाक परत आत. पडदा काळा. सेल खराब निघाले म्हणून त्यातलाच एक काढून भिंतीवरच्या घड्याळात घातला, तर घड्याळ मजेत चालू! म्हणजे सेल मेले नव्हते. मग कॅमेऱ्यालाच ते का चालेनात? दोन दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. शेवटी भावाला फोन लावला. तो हसला. "अगं, घड्याळ थेंबथेंब पितं, कॅमेरा घटाघटा पितो. साधे सेल त्याला पुरत नाहीत. चार्जिंगचे घे."

चार्जिंगचे सेल मिस्टरांनी जालन्याहून आणले. लोडशेडिंगचे दिवस होते. लाईट आली की आधी मोटार, मग चक्की, आणि त्यातच माझे सेल. पण फोटो निघू लागले.

निघाले ते सगळे पुसट. मुलगी धुक्यात बसल्यासारखी, गाय धुक्यात, तुळससुद्धा धुक्यात. तुळस तर हललीही नव्हती. मी बारावी सायन्स झालेली, पण कॅमेऱ्यासोबतचं पुस्तक इंग्रजीत आणि अक्षर मुंगीएवढं. स्वयंपाक आटोपला की डिक्शनरी घेऊन बसायचे. त्यात एक वाक्य सापडलं: बटण अर्धं दाबा आणि थांबा. मी चुलीपुढेच करून पाहिलं. अर्धं दाबलं, पडद्यावर हिरवा चौकोन उमटला, बारीक आवाज झाला, मग पूर्ण दाबलं. पातेल्यावरचा काजळीचा थर अन् थर दिसत होता. म्हणजे कॅमेऱ्यालाही नजर लावायला क्षणभर लागतो, आणि मी त्याला तो क्षण देतच नव्हते!

हे सगळं मामा ओसरीवरच्या बाजेवरून बघत असायचे. एका सकाळी मी धीर करून त्यांचाच फोटो काढला. ते दारात बसलेले, मागे अंगणभर ऊन. पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात लांब करून पाहिलं.

"मह्या तोंडाला काळं फासलं की वं तू!"

खरंच, अंगण लख्ख आणि मामांचा चेहरा कोळशासारखा. मी घाबरले, तर ते हसत होते. मग विचारलं, "असं कामून झालं?"

कामून झालं ते मलाही माहीत नव्हतं. पुन्हा पुस्तक काढलं. पाठीमागे उजेड असला की कॅमेरा त्या उजेडालाच भुलतो आणि समोरचं माणूस अंधारात राहतं. अशा वेळी भर दिवसा फ्लॅश लावायचा. मी लावला.

"दिवसा बत्ती?" मामा म्हणाले.

"बघा तर खरं, मामा."

या वेळी चेहरा आला. मिशीचा केस अन् केस आला. मामा बराच वेळ बघत राहिले, आणि मग एकदम वेगळंच विचारलं, "सूनबाई, त्याच्यात बारीक वस्तू मोठी दिसती का?"

त्यांच्या मनात मोसंबीची बाग होती. त्या वर्षी एका कडेची झाडं बिघडली होती. पानांवर कुणी राख उडवावी तसा फिकटपणा, फळाची सालही निस्तेज. दोन वेळा औषध मारूनही फरक नव्हता, उलट वाढतच होतं. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. लांबची बैलगाडी कुणाची ते सांगायचे, पण हातातलं पान त्यांना नुसतं हिरवं दिसायचं. "काहीतरी हाय त्याच्यावर," ते म्हणाले. "बोटाला लागून राह्यलं, पण दिसून न्हाई राह्यलं."

लग्न झाल्यापासून मी बागेत भाकरी घेऊन जायचे, ठेवायचे, परत यायचे. त्या दिवशी पहिल्यांदा झाडाखाली बसले. पान उलटं करून पाहिलं, तर मलाही धूळच दिसली. कॅमेरा जवळ नेला, अर्धं बटण दाबलं, पण हिरवा चौकोन येईचना, लालच येत राहिला. जरा मागे घेतला की चौकोन हिरवा, पण पान चिमुकलं. पुढे नेला की लाल. घरी येऊन पुन्हा पुस्तक. कॅमेऱ्यावर एक फुलाचं चित्र होतं. मला वाटायचं ते बटण फुलांचे फोटो काढायला. ते निघालं अगदी जवळून काढायच्या फोटोंसाठी, मग फूल असो की मुंगी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. वारं पान हलवायचं. मामांनी देठ धरला, तर त्यांचा हात थरथरायचा. कॅमेरा इतका जवळ की त्याचीच सावली पानावर. शेवटी मामांनी पान तोडून सपाट दगडावर उन्हात ठेवलं, कडा खड्यांनी दाबल्या, आणि मी सावली पडणार नाही अशा बाजूने पालथी पडून, कोपर जमिनीला टेकून फोटो काढला. डोक्यावरचा पदर कधी पडला ते कळलंही नाही, आणि मामांनीही तिकडे पाहिलं नाही. पडद्यावरचा फोटो बटणाने मोठा करत नेला. शिरेच्या कडेने बारीक बारीक ठिपके. आणखी मोठा केला. ठिपक्यांना पाय होते. त्यांच्यामध्ये केसाहून बारीक जाळी.

"मामा, जीव आहेत हो!"

त्यांनी कॅमेरा डोळ्यांपासून हातभर लांब धरला. "आरं तिच्या! हालून राह्यलेत का?"

"फोटोत कसे हलतील, मामा?"

"हां, बराबर," ते म्हणाले, आणि तरीही ते हलतात का, हे बघतच राहिले.

भोकरदनला शेतीखात्याचे एक साहेब बसायचे. त्यांना दाखवायचं ठरलं, पण मामांच्या पायात काटा मोडला आणि जाणं लांबलं. मग एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं एसटीने निघालो. साहेबांसमोर मी ऐटीत बटण दाबलं. काही नाही. चार्जिंगचे सेल नुसते ठेवले तरी आपोआप उतरतात, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. मामांचा चेहरा पडला. साहेबांना मात्र आता उत्सुकता लागली होती. त्यांनी टेबलावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "यातला चालेल का?"

दोन सेल लागत होते. एक घड्याळातून निघाला, दुसरा शिपाईमामांच्या टॉर्चमधून. मला शंका होती, पण एक अंदाज होता: फोटो काढताना कॅमेरा घटाघटा पितो, नुसता बघताना कमी पीत असणार. नाक बाहेर येऊ न देता, थेट फोटो बघायचं बटण दाबून धरलं. पडदा उजळला. साहेब वाकले. "मोठा करा. अजून. अहो, हा पानाचा रस पिणारा कोळी आहे! हा किडा नव्हेच, याची जातच वेगळी. तुमच्या औषधाने याला खाणारे किडे मेले असतील, हा राहिला. पाण्यात विरघळणारं गंधक मारा." एवढं बोलून होतंय तोच पडदा काळा झाला.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "मला म्हाईतच होतं काहीतरी हाय. पण मी किडा समजून राह्यलो होतो." मग भजी घेतली, आणि माझ्यासमोर बसून खाल्ली. तसं आधी कधी झालं नव्हतं.

गंधक मारलं. जुनी पानं होती तशीच राहिली, त्यातली दोन झाडं पुढे वाळलीही. पण नवी पालवी स्वच्छ आली. मामा मला ती दाखवायला घेऊन गेले आणि फोटो काढ म्हणाले. नंतर त्यांना नादच लागला. मोसंबीच्या फुलाचं पोट, ज्वारीच्या कणसावरची बुरशी, बैलाची पापणी, गोचिडीचे पाय. "हे बघू बरं कसं हाय," म्हणायचे, आणि मलाही बघायचंच असायचं.

पुढे बागेतली धूळ कॅमेऱ्याच्या नाकात शिरली आणि ते अर्ध्यावरच अडकून बसलं. फुंकर मारून पाहिली, ब्रशने झटकून पाहिलं, जालन्याच्या दुकानदाराने हात वर केले. मला फार वाईट वाटलं. मामांना सांगितलं तेव्हा ते बाजेवर तंबाखू मळत होते.

"जाऊ दे," ते म्हणाले. "तुहे डोळे हायेत ना चांगले? मंग चल उद्या बागेत. तू बघ अन् मला सांग."

दुसऱ्या दिवसापासून मी सांगू लागले. पान उलटं करायचं, जे दिसेल ते बोलायचं. ते ऐकायचे आणि मध्येच अडवायचे, "कसा पिवळा? हळदीसारखा का लिंबासारखा?" मग मला पुन्हा नीट बघावं लागायचं.