भिंतीवर लिहिलेला नंबर

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, गडचिरोलीत धानोऱ्याकडे होतो तेव्हा जंगलात कायकाय पाहिलं ते लिहीत बसत नाही. पण टोचतं ते हे, आणि यात धरायला गुन्हेगारच नव्हता.

मी सातवी पास. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. मधल्या पायऱ्या कामाने चढलो. हे आधीच सांगतो, कारण पुढे इंटरनेटची गोष्ट येते आणि वाचणाऱ्याला वाटेल की म्हाताऱ्याला कोणीतरी लिहून दिलं. कोणी दिलेलं नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातलं आमचं ठाणं तालुक्याच्या गावी होतं, हद्दीत निम्मं जंगल. धान कापणीचे दिवस होते. एका आतल्या गावात सकाळी दहाच्या सुमारास एका बाईला धानाच्या बांधीत परड चावली. परड म्हणजे घोणस. नवऱ्याने तालुक्यातल्या खाजगी दवाखान्याला फोन केला, गाडी येते असं समजून बायकोला घेऊन दोन तास डांबरी रस्त्यावर थांबला. गाडी आली नाही. शेवटी बांबू नेणाऱ्या पिकअपमध्ये टाकून निघाले. बाई वाटेतच गेली. ठाण्यात मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल झाला, तपास माझ्याकडे आला.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला गेलो. आमच्या भागात फोन नंबर भिंतीवर लिहितात. दाराजवळ कोळशाने एकाखाली एक: लाईनमन, ढोरांचा डॉक्टर, ट्रॅक्टरवाला. सगळ्यात खाली ‘साप दवाखाना’ आणि दहा आकडे.

“हा नंबर कुठून आणला?” मी नवऱ्याला विचारलं.

“बाजाराच्या दिवशी मोबाइलवर जाहिरात आली जी. साप चावला तर फोन करा, गाडी घरी येते, अशी. घरी तर नेट लागत नाई. मनून नंबर हातावर लिवून आणला न इथी उतरवला. तीन मयने झाले.”

“सरकारी गाडीला काऊन नाही फोन केला?”

“तलावाच्या पाळीवर जाऊन केला ना, रेंज तिथीच लागते. ते बाळंतिणीले घेऊन गेली होती, वेळ लागन म्हने. मंग इथी फोन लावला. बाई बोलली. तुमचा नंबर लिवून घेतला, आमचा मानूस लवकरच संपर्क करते, म्हने. मले वाटलं, निंगाली गाडी.”

नंबर मी पंचनाम्यात उतरवला. परत येताना पाळीवर जीप थांबवून स्वतः लावून पाहिला. बाईचाच आवाज आला, गोड. धन्यवाद म्हणाली, नंबर नोंदवला म्हणाली, आमचे प्रतिनिधी संपर्क करतील म्हणाली. मी म्हटलं, “मी पोलीस ठाण्यातून बोलतो, तुझं नाव सांग.” तिने फोन ठेवला. मी जागच्या जागी ठरवलं, दवाखान्यात फोनवर बसणारी मुलगी दोषी आहे.

ती मुलगी मुसलमान घरातली, बारावी झालेली. बाप आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान लावायचा. तिला ठाण्यात आणायला जीप त्यांच्या गल्लीत गेली. महिला शिपाई बरोबर होती, दिवसाचाच जबाब, सगळं नियमाने केलं. सलग तीन दिवस बोलावलं.

“फोन का नाही उचलला?”

“साहब, फोन आलाच नाही.”

“उचलून गाडी का नाही पाठवली?”

“आला असता तर पाठवली असती ना. दिवसभर मी तेच काम करते.”

तिच्या टेबलवरच्या फोनमध्ये त्या वेळेचा कॉल नव्हता. मी म्हटलं, पुसला. नवऱ्याच्या मोबाइलमध्ये केलेला कॉल स्पष्ट दिसत होता. दोघांतला एक खोटं बोलतो, आणि माझा अनुभव असा की शिकलेला माणूस खोटं सफाईने बोलतो. फोन कंपनीकडून कॉलचा रेकॉर्ड मागवायचं पत्र मी पाठवलं होतं, ते यायला वेळ होता. तोवर निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम लावायचा कागद मी तयार करून ठेवला. दवाखान्याने तिला घरी बसवलं. तिच्या बापाला त्या गावच्या लोकांनी बाजारातून सामान उचलायला लावलं. एक जण त्याला म्हणाला, “चाचा, तुमच्या पोरीनं आमची बाई मारली. तुमच्या बांगड्या आता कोन भरन?” हे मला माहीत होतं. तपास चालू आहे, एवढंच मी म्हणत होतो.

चौथ्या दिवशी नवरा ठाण्यात आला. भडकलेला होता.

“साहेब, ते पोरगी माही मजाक करून राह्यली.”

“काय झालं?”

“पाळीवर गेलो का त्याच नंबरावरून फोन येते. शेती किती एकर हाये मनून इचारते. आज तर मानूस लावला बोलाले. इकडं बायको मेली, न हे मले एकर इचारते.”

मी त्याला चहा पाजून घरी पाठवला. दुःखात माणूस काहीही ऐकतो, असं धरलं. पण दुपारी माझाच मोबाइल वाजला. नंबर ओळखीचा वाटला, पंचनामा काढून पाहिला. भिंतीवरचाच.

“नमस्कार सर, आपण चार दिवसांपूर्वी कॉल केला होता. आपली शेती किती एकर आहे? विहीर आहे का बोअर?”

“तू कुठून बोलतो?”

“नागपूरवरून, सर. सोलर पंपाची एजन्सी.”

पाळीवर जी बाई माझ्याशी बोलली ती बाई नव्हतीच, रेकॉर्ड केलेला आवाज होता, आणि मी त्याला नाव विचारत होतो. हे लिहायला लाज वाटते, पण झालं ते झालं.

मग नवऱ्याने जाहिरातीत पाहिला तो नंबर आला कुठून? महिला शिपायाला म्हटलं, दवाखान्याची वेबसाइट उघड. ती हुशार. तिने गुगलवरून तिच्या मोबाइलमध्ये उघडली आणि फेसबुकवरच्या जाहिरातीवरून माझ्या मोबाइलमध्ये. दोन्ही फोन टेबलावर शेजारी ठेवले. पान तेच, फोटो तोच, डॉक्टर तोच. नंबर दोन वेगळे. दोन्ही भिंतीवरच्या नंबराशी जुळत नव्हते, आणि दवाखान्याच्या पाटीवरचा नंबर तर चौथाच.

“साहेब, हे तर बहुरूपी झालं,” ती म्हणाली.

दवाखान्याच्या मॅनेजरला विचारलं. त्याने जाहिरातीचं काम करणाऱ्या नागपूरच्या माणसाचं नाव दिलं. तो लॅपटॉप घेऊन आला, इस्त्रीचा शर्ट, मला काका म्हणू लागला. मी म्हटलं, काका घरी, इथे साहेब.

त्याने सांगितलं ते मी दोनदा सांगायला लावलं, तेव्हा समजलं. वेबसाइटवर कोण आलं, कुठून आलं, हे मोजणारा प्रोग्राम असतो. त्याला फोनसाठी एक ऍड-ऑन जोडतात. जाहिरात पाहून येणाऱ्याला तो वेगवेगळा नंबर दाखवतो. फोन सगळे दवाखान्याच्या टेबलावरच वाजतात, पण कोणत्या जाहिरातीमुळे वाजला ते मालकाला कळतं.

“भिंतीवरचा नंबर कुठे आहे यात?”

त्याने शोधलं. नवरा बाजाराला गेला होता त्या दिवसाची ओळ निघाली. मोबाइलवरून आला, सापाची जाहिरात, दीड मिनिट थांबला, कॉल नाही.

“कॉल नाही म्हणजे?”

“म्हणजे आपल्यासाठी तो गेला, साहेब. नंबर मोकळा. महिनाभराने जाहिरात कमी केली तेव्हा आम्ही जास्तीचे नंबर कंपनीला परत दिले. कंपनीने पुढे पंपवाल्याला दिला असेल.”

“आणि कोणी लिहून ठेवला असेल तर?”

तो हसला. “लिहून कोण ठेवतं, साहेब? लोक स्क्रीनवर बोट लावतात, फोन लागतो.”

“तुझ्या गावात. जिथे पाहिलं तिथे साप नव्हता, आणि साप निघाला तिथे नेट नाही. मग काय करावं माणसाने?”

त्याला दम द्यावा असं फार वाटलं. पण त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं, आणि पुस्तकात त्याच्यासाठी मला कलम सापडलं नाही. वरिष्ठांनाही विचारलं, त्यांनाही नाही. दवाखान्याकडून लेखी घेतलं की गाडीच्या जाहिरातीत पाटीवरचा एकच कायमचा नंबर राहील. तो अजून आहे, मी अधूनमधून पाहतो. कंपनीचा रेकॉर्डही नंतर आला आणि कॉल पंपवाल्याकडेच गेला होता हे कागदावर पक्कं झालं. अंतिम अहवाल तहसीलदारांकडे गेला.

नवऱ्याच्या घरी जाऊन मी त्याला सगळं समजावलं.

“मंग पोरीचा दोष नाई?”

“नाही.”

“पंपवाल्याचा?”

“त्याला तरी काय माहीत?”

“मंग मी आता कोनावर रागवू, साहेब?”

मी म्हटलं, माहीत नाही. पण पुढच्या बाजाराला तोच बांगड्यांच्या दुकानात जाऊन उभा राहिला आणि गावच्या लोकांना म्हणाला, चाचाचा काही संबंध नाही, लावू द्या दुकान. हे मला त्या चाचांनीच सांगितलं.

मुलीच्या घरी मी गणवेशात गेलो. जीप त्याच गल्लीत, त्याच जागी, भर दुपारी उभी केली. नेताना गल्लीने पाहिलं होतं, आता हेही पाहू दे म्हटलं. दारात उभं राहून मोठ्याने सांगितलं की या मुलीचा काही दोष निघाला नाही. बाप बसा बसा म्हणाला. मुलगी आतून आली, पाणी दिलं आणि म्हणाली, “साहब, तीन दिवस तुम्ही एकच विचारलं, फोन का नाही उचलला. नंबर तुमच्या कागदावर लिहिलेला होता. एक बार मला दाखवला असता तर मी सांगितलं असतं, हा नंबर माझ्याकडे वाजत नाही.”

मी पाणी प्यायलो आणि निघालो. ती परत त्या दवाखान्यात गेली नाही. मॅनेजरने बोलावलं होतं, नको म्हणाली.

लोक विचारतात, या केसमधून काय शिकलात. नव्या पोरांना मी सांगतो, तुमच्या हातातला कागद आधी समोरच्याला दाखवा, मग प्रश्न विचारा. ते वहीत लिहून घेतात. पण पुढचं मी त्यांना सांगत नाही, इथे लिहितो. त्या मुलीला मी पहिल्याच दिवशी नंबर दाखवला असता आणि ती म्हणाली असती की हा माझा नाही, तरी मी तिचं मानलं नसतं. पंपवाल्याचा फोन मला आला म्हणून मानलं. तोच फोन त्या नवऱ्याला आला तेव्हा मी त्याला चहा पाजून घरी पाठवला होता.