पडद्याआडून मिळालेली खोली

आमच्या नाटक मंडळीत सगळ्यात जास्त संवाद विंगकाकाला पाठ होते आणि टाळी एकदाही मिळाली नाही ती त्यालाच. तो प्रॉम्प्टर होता. पहिल्या विंगेत, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा बेतानं स्टुलावर बसायचा आणि आमच्यातलं कुणी अडखळलं की पुढचे दोन शब्द हळूच सोडायचा. मी उभा जन्म रंगमंचावर खाष्ट सासू म्हणून काढला. माझे निम्मे टोमणे त्याच्या तोंडून माझ्या तोंडात आलेले.

त्याची खरी विद्या मात्र वेगळीच. नट थांबला म्हणजे विसरलाच असं नसतं. कधी तो मुद्दाम थांबतो, समोरच्यांचा श्वास अडकवून ठेवतो. तेव्हा आगाऊपणानं शब्द पुरवला, तर आत आल्यावर तो प्रॉम्प्टरचा गळाच धरेल. विंगकाकाला दोन्ही थांबण्यांतला फरक अचूक कळायचा. आमचे नायक, म्हणजे महाराज (सतत राजांच्या भूमिका, म्हणून हे नाव), खरोखर विसरले की त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर घासू लागायचा, चिमटीत मीठ धरल्यासारखा. विंगकाका चेहऱ्याकडे बघायचाच नाही. नजर त्या अंगठ्यावर.

आणि जळायचा. मनापासून, न कंटाळता जळायचा.

"शब्द मी द्यायचे आणि टाळ्या यानं खायच्या!" मध्यंतरात तो चहाच्या कपात पुटपुटायचा.

"अरे, मग जा की तू रंगमंचावर."

"मला बघायला कोण येणार, अक्का? नाक बघ माझं."

नाक होतं खरं तसं.

नाट्यगृह विकलं गेलं तेव्हा आम्ही बाकीचे आपापल्या घरी गेलो. विंगकाकाला घर नव्हतं. रंगमंचाखालच्या सामानाच्या खोलीत, लाकडी तलवारी आणि पुठ्ठ्याच्या सिंहासनाच्या सोबतीनं तो राहायचा. जुन्या मालकांनी कधी हटकलं नव्हतं, नवीन मालकांनी पहिल्याच दिवशी कुलूप लावलं. मी म्हटलं, माझ्याकडे ये. तर म्हणे, "तुझ्या सुनेचा चेहरा मी वाचलाय. ती थांबते तेव्हा विसरलेली नसते."

मग त्याची फरफट सुरू झाली. या कचेरीतून त्या कचेरीत, या खिडकीवरून त्या खिडकीवर. जिथं जाईल तिथं पहिला प्रश्न, पत्ता काय? "रंगमंचाखाली," असं त्यानं एके ठिकाणी सांगितलं, तर कारकुनाला वाटलं थट्टा करतोय. बसस्थानकावरच्या सफाईवाल्या मावशीनं त्याला शेवटी निवारा केंद्राची वाट दाखवली. तिथं पत्ता नसलेल्यांचंही नाव नोंदवतात, झोपायला खाट देतात आणि कायमच्या खोलीसाठी अर्ज पुढे पाठवतात. ही शेवटची गोष्ट विंगकाकाला देवानं कानात सांगितल्यासारखी वाटली.

खाटांची रांग, पायथ्याशी पत्र्याचं कपाट, उशाला पिशवी. सकाळी हॉल झाडायचा म्हणून सगळ्यांनी बाहेर पडायचं. तो वाचनालयात जाऊन बसायचा. "एक दार हवं, अक्का," तो मला म्हणाला. "आतून कडी लावता येईल असं. बाकी काही नको."

आणि एके दिवशी शेजारच्या खाटेवर कोण येऊन बसावं? महाराज! त्यांची इमारत धोकादायक म्हणून रिकामी केली होती. बायको मागेच गेलेली, मूलबाळ नाही. आठवडाभरात अख्खा हॉल त्यांचा दरबार झाला. स्वयंपाकीणबाई त्यांच्या वाटीत न मागता जास्तीचं वाढायची. रखवालदार "महाराज, पंखा वाढवू का?" म्हणून विचारायचा. विंगकाका महिनोन् महिने तिथं होता, त्याला पंख्याचं बटण कुठं आहे हेही कुणी दाखवलं नव्हतं.

"बेघर झाला तोही माझ्यापेक्षा झोकात!" तो माझ्यापाशी धुमसला. "लोक माझ्याकडे बघून नाक मुरडतात आणि याच्याकडे बघून डोळे पुसतात."

त्यातच वृद्धांच्या वसाहतीत एक खोली रिकामी झाली. खोली एक आणि दावेदार हे दोघे. केंद्रातल्या मॅडम दोघांशी बोलून नाव ठरवणार होत्या. हॉलच्या टोकाला कापडी पडदा लावून केलेली त्यांची कचेरी. आधी महाराज आत गेले, विंगकाका पडद्याबाहेर बाकावर बसला. मी सोबतीला होते. पडद्याच्या फटीतून महाराजांचा हात तेवढा दिसत होता.

"याआधी कुठं राहत होता?" मॅडमनी विचारलं.

महाराज थांबले. काय थांबले! आतल्या टंकलेखक मुलीचीही बोटं थांबली असावीत. मॅडम हळूच म्हणाल्या, "त्रास होत असेल तर राहू दे."

पण फटीतून विंगकाकाला अंगठा दिसला. तर्जनीवर घासत होता.

त्यानं ओठ गच्च मिटले. माझ्याकडे बघितलं, त्या नजरेत दिवाळखोराला लॉटरी लागल्याचा आनंद होता. बोलायचंच नव्हतं. नुसतं बसून राहायचं, आणि दार त्याचं, कडी त्याची. पुढच्याच क्षणी त्याचा स्वतःचाच गळा त्याला फितूर झाला.

"जुन्या पेठेत, दुसरा मजला..." तो पुटपुटला.

"जुन्या पेठेत, दुसऱ्या मजल्यावर," आतून महाराजांचा भरदार आवाज आला, "जिथं माझ्या पत्नीनं..." पुन्हा अंगठा.

"...शेवटचा श्वास घेतला," विंगकाका म्हणाला आणि कपाळावर हात मारून घेतला.

पुढचा अख्खा प्रवेश त्यानंच पुरवला. त्याची स्वतःची पाळी आली तेव्हा तो इतका रागावलेला होता, की मॅडमना म्हणाला, "माझं काही नाही, बरं चाललंय." झालं! खोली महाराजांना मिळाली.

महिन्याभरानं मॅडमच त्याला शोधत वाचनालयात आल्या. महाराज नव्या वसाहतीत बाहेर फिरायला जात आणि आपलं दार त्यांना सापडत नसे. गॅस चालू राहायचा. "त्यांच्यासोबत कुणी राहणार असेल तर नियमात बसतं," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी पडद्यामागून कोण बोलत होतं, ते मला ऐकू येत होतं, काका."

"म्हणजे खोली त्याची आणि मी पाहुणा?"

"दोघांची नावं दारावर लावू."

"माझं वर," विंगकाका म्हणाला. "आणि खिडकीकडची खाट माझी."

दोन्ही मिळालं. तरी जळणं थांबलं नाही. बघा, अजून माझ्या लेखणीतून महाराजांना "ते" आणि याला "तो" असंच येतं. हे वाचून आठवडाभर रुसेल.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. शेजारची माणसं जमली होती. महाराज खुर्चीत बसून खोली कशी मिळाली ते रंगवून सांगत होते. त्यांच्या सांगण्यात पडदा होता, मॅडम होत्या, विंगकाका कुठंच नव्हता. तो ओट्यापाशी चहा गाळत होता, कान लाल.

"मॅडमनी विचारलं, याआधी कुठं राहत होता? आणि मी म्हणालो..."

महाराज थांबले. शेजारीण पदरानं डोळे पुसायला लागली. अंगठा फिरू लागला. विंगकाकानं तो बघितला आणि गाळणं सावकाश झटकलं. एक कप भरला. दुसरा भरला. महाराजांच्या कपाळावर घाम आला, तरी हा साखर ढवळतोय! मीच बोलायच्या बेतात होते.

मग तो ओट्यापासून खोलीच्या मधोमध आला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "जुन्या पेठेत, दुसऱ्या मजल्यावर!"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"अरे, हळू," महाराज दातांतून म्हणाले, "लोकांना ऐकू जातंय."

"जाऊ दे की," विंगकाका म्हणाला आणि चहाचा पहिला कप स्वतःच उचलला.