आण्णांचं मिनरल

फिट येणाऱ्या माणसाला सल्ल्यांचा तुटवडा कधी पडत नाही. फिट वर्षा-दोन वर्षांतून एखादी येते, पण औषध सांगणारे रोज येतात. मी शाळेत शिकवते, त्यामुळे मला ऐकून घ्यायची सवय आहे असा लोकांचा समज आहे. कांदा हुंगून झाला, चप्पल हुंगून झाली. हल्ली ती फॅशन गेली आणि सगळे मिनरलवर आलेत. झिंक, मॅग्नेशियम, सेलेनियम! ज्यांनी दहावीला सायन्स कसंबसं काढलं, ते मला रसायनशास्त्र शिकवतात. हे सगळं इतकं साठलंय की थोडं तुमच्यावर ओतल्याशिवाय माझं डोकं हलकं व्हायचं नाही.

*

पहिली फिट आली ती माहेरी, कोयनानगरला. माझे वडील, नाना, धरणाच्या प्रकल्पावर नोकरीला होते. आम्ही कॉलनीत राहायचो. तिथे जमीन अधूनमधून हलायचीच. भांडी वाजली की हातातलं टाकून अंगणात पळायचं, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी शिकवलेलं.

मी तेव्हा कॉलेजात होते. माझी लोखंडी कॉट भांड्यांच्या मांडणीला टेकलेली. दुपारी पडले होते, तेव्हाच फिट आली. कॉट हलली, मांडणी हलली, ताटं-तांबे वाजायला लागले. आई, नाना आणि धाकटा भाऊ क्षणात बाहेर! त्यांना बघून शेजारीही बाहेर आले. सगळे अंगणात उभे राहून भूकंप थांबायची वाट बघायला लागले.

"मोठा दिसतोय," नाना शेजाऱ्यांना म्हणाले. "आमची भांडी अजून वाजत्यात."

शेजारी म्हणाले, "आमची न्हाई वाजत."

तेव्हा कुठे नानांनी घरातली माणसं मोजली.

हा किस्सा कुणी हसत सांगायला लागलं की नाना उठून जातात. मीही हसते, पण तेव्हा ते मला फार लागलं होतं. खोटं कशाला बोलू? सगळे बाहेर आणि मी एकटी आत.

*

लग्न होऊन आटपाडीकडे आले. सासरी सगळं आधीच सांगितलं होतं. रोज गोळी घ्यायची, एकही चुकवायची नाही, आणि गोळी चालू असली की मी तुमच्यासारखीच. सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलावणं आणि ऐकणं यांचा आमच्याकडे काही संबंध नसतो, हे मला पुढे कळलं.

शाळेत आमचे हेडसर एक दिवस भलामोठा डबा घेऊन आले. त्यांचा मुलगा जिमला जातो, त्याचं उरलेलं मॅग्नेशियम. मेंदूत मिनरल कमी झालं की करंट वाढतो आणि मग झटका बसतो, असं त्यांनी मोबाईलवर बघितलं होतं. गोळीची सवय लागते, हे घ्या, असं त्यांनी मला पंधरा मिनिटं समजावलं. माझा तास गेला, पोरं वर्गात कुस्ती खेळायला लागली.

शेजारी वह्या तपासत बसलेल्या मुल्लाणी मॅडमनी मान वर केली. "सर, तुमच्या मुलाला कधी फिट आली होती का?"

"छे हो, कधीच नाही."

"बघा, गुण आलाच की," असं म्हणून मॅडमनी पुढची वही उघडली.

सरांना हे कौतुकच वाटलं. डबा अजून माझ्या कपाटात आहे.

*

पण खरा भक्त आमच्या घरात. माझे सासरे, आण्णा. दारात चार गाई, आणि गाईवरून माणसाचं निदान करायची दांडगी हौस.

एकदा आमची गंगी व्याली आणि दुसऱ्या दिवशी आडवी झाली. उठेना. जनावरांच्या डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम-मॅग्नेशियमची बाटली लावली. थोड्या वेळाने गंगी उठली आणि वैरण खायला लागली. आण्णांनी आधी गाईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला तेव्हाच धास्ती वाटली.

आठवडाभराने भाकरी राखाडी दिसायला लागली. सासूबाईंना वाटलं ज्वारी खराब निघाली. माझे यजमान मात्र तीन भाकऱ्या खाऊन म्हणाले, आज चव वेगळीच आहे. शेवटी सासूबाईंनी पिठाचा डबा हुंगला आणि सरळ गोठ्यात गेल्या. गाईच्या मिनरल मिक्श्चरची पिशवी निम्मी झाली होती.

"आवं, सुनंला गाईचं घातलंत?" त्यांनी विचारलं.

"तिला एकटीला कुठं?" आण्णा शांतपणे म्हणाले. "समद्यांनाच घातलं की!"

*

आता ऐका, कपाळ कसं फुटतं ते. सांगलीच्या डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं आणि मॅग्नेशियम खरोखरच कमी निघालं! डॉक्टरांनी त्याची गोळी लिहून दिली आणि बजावलं, "ही कमतरता भरून काढायला. फिटची गोळी वेगळी, ती मी सांगितल्याशिवाय बंद करायची नाही." मी सोबत आलेल्या आण्णांकडे बघितलं. आण्णांनी मान डोलावली.

स्टँडवर एसटी लागेपर्यंत त्यांनी अर्ध्या भावकीला फोन केले. "डॉक्टर बी आमच्याच लायनीवर आला!"

पुढच्या महिन्यात गोळ्या संपल्या तेव्हा आणायला आण्णाच गेले. मॅग्नेशियम तेवढं घेऊन आले. फिटची गोळी दुकानात शिल्लक नाही, परवा येईल, असं मला सांगितलं. गोळी दुकानात होती. आता रोगाचं मूळच सापडल्यावर ती कशाला, असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं.

परवा यायच्या आत फिट आली. मी धुण्याच्या दगडावर पडले, हनुवटी फुटली, टाके पडले. त्या दगडावर डोकं आपटलं असतं तर हे किस्से सांगायला मी नसते. मी इतकी संतापले होते की आण्णांशी बोलणंच टाकलं.

टाके निघाल्यावर ते माझ्यासमोर येऊन बसले. "पोरी, माझं लय चुकलं. फिट आली की काय करायचं, ते मला शिकीव."

मग मी शिकवलं. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेली तर गाडी काढायची. आण्णांनी सगळं पाठ केलं आणि दूध डेअरीवर जाऊन गावालाही शिकवलं. फिटची गोळी आता तेच वेळेवर हातात देतात. मिनरलवरचा विश्वास मात्र तसूभरही हलला नाही.

*

गेल्या वर्षी माझ्या भावाचा साखरपुडा कोयनानगरला होता. आण्णा तिकडे पहिल्यांदाच आले होते. जेवणं झाली, पाहुणे मांडवात बसले, मी आत त्याच कॉटवर बसून आहेराच्या साड्यांच्या घड्या घालत होते.

एकदम मांडणीवरची ताटं वाजायला लागली. भूकंप! कोयनेच्या पोरीला ते सांगावं लागत नाही. मी उठून दाराकडे वळले, तर दारातून नाना आत. त्यांच्यामागे आई, तिच्यामागे आण्णा.

"सुलीला आली! आत चला!" नाना माझं नाव घेऊन ओरडत होते.

आण्णांनी मला कॉटवर घेऊन कुशीवर वळवलं. आईने डोक्याखाली साड्या सरकवल्या. नाना मांडणी आणि कॉट यांच्यामध्ये पाठ लावून उभे राहिले. बाहेरून शेजारी हाका मारत होते, "नाना, बाहेर या, घर हालतंय!" एकही जण जागचा हलला नाही.

"आण्णा, मला काही झालं नाही," मी म्हणाले. "भूकंप आहे. बाहेर पळा सगळे."

"फिटमधी माणूस कायबी बोलतंय," आण्णा घड्याळावरची नजर न काढता म्हणाले. "गप पड, पोरी. आमी हाय हितंच."

भांडी वाजायची थांबली. आण्णांनी हात खाली घेतला, कपाळावरचा घाम पुसला आणि नानांकडे वळले.

"बघा पाव्हणं, कशी लगीच थांबली. ह्यो मिनरलचा गुण!"